होमाचं परमिट

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे असं कोणी विचारलं, तर मी मंजुळाबेनचं नाव घेतो. आईवडिलांचं निराळं असतं, ते उपकारात धरायचं नसतं. मंजुळाबेन आमच्या कोणी नव्हत्या. त्या चरोतरकडच्या गुजराती, आम्ही बडोद्याचे मराठी. त्यांच्या आणि आमच्या घरात एका विटेची भिंत होती, एवढाच संबंध. आमच्या घरात पहिला पदवीधर मी झालो. बाजव्याच्या शाळेतून निघून सयाजीगंजातल्या कॉलेजात गेलो, बी.एस्सी. झालो आणि पुढे मुलांना शिकवून पोट भरलं. त्या पदवीचा बराचसा अभ्यास मी मंजुळाबेनच्या ओट्याला लागून असलेल्या टेबलावर केला, कारण त्या दिवसांत आमच्या घरात अभ्यास करणं अवघड होतं. केव्हा शिट्टी वाजेल आणि सगळ्यांना बाहेर पळावं लागेल, याचा भरवसा नव्हता.

आम्ही एका केमिकल कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो आणि बाबा त्या कारखान्याच्या फायर स्टेशनात फायरमन होते. आईच्या मते आम्हा शिर्क्यांच्या रक्तातच शिस्त होती, कारण पणजोबा बडोदे सरकारांच्या फौजेत होते. पण बाबा शिस्तीचे असले तरी कडक नव्हते. कामावरून आले की हौदावर हातपाय धूत, गाणं गुणगुणत आणि सरळ स्वयंपाकघरात येऊन झाकणं उघडून बघत. आईच्या हातचं आंबटगोड वरण आणि वर लसणीची फोडणी, एवढ्यावर त्यांचं जेवण व्हायचं. फोडणी त्यांना पानात वाढल्यावर हवी असे. आई पळीत तेल तापवून मोहरी तडतडली की ती तशीच त्यांच्या वाटीत सोडायची, चर्र आवाज व्हायचा आणि बाबा म्हणायचे, "आता जेवण सुरू झालं."

मग कारखान्यात ती आग लागली. काय झालं ते आम्हाला वसाहतीतून कळलं, बाबांकडून नाही. आग विझली होती, पाइप गुंडाळायला घेतले होते, आणि ती पुन्हा भडकली. बाबांनी दोघांना ओढून बाहेर काढलं. त्यातला एक वाचला. बाबांच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता. ते घरी आले, आंघोळ केली, झोपले, दुसऱ्या दिवशी कामावर गेले. साहेबांनी पाठ थोपटली. चारचौघांत सगळं सुरळीत दिसत होतं. त्या आठवड्यातच आईने भाजीसाठी कढईत तेल तापवलं, मोहरी टाकली, आणि बाबांनी न्हाणीतून भिजलेलं गोणपाट आणून शांतपणे कढईवर टाकलं. गॅस बंद केला. खिशातली शिट्टी काढून वाजवली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो, तर म्हणाले, "बघताय काय, बाहेर पडा."

तिथून आमच्या घराचे नियम सुरू झाले. घरात तेल तापवायचं नाही. कुकर चालेल, पण बाबा समोर उभे असतील तर. काड्यापेटी घरात नको. देवाजवळ समईच्या जागी सेलवर चालणारा लाल बल्ब आला, आणि आई संध्याकाळी त्याचं बटण दाबून "शुभं करोति" म्हणायची. दोन खोल्यांत वाळूच्या लाल बादल्या होत्या. त्यात माझ्या थोरल्या बहिणीने, वैशालीताईने, एकदा कोथिंबीर पेरली, तर ती उगवली, आणि बाबांनी ती उपटून वाळू बदलली. शिट्टी वाजली की जे हातात असेल ते टाकून फाटकाशी लिंबाखाली जमायचं आणि हजेरी द्यायची. त्या वेळी घरात जो असेल त्याला हे लागू होतं. गवळी आमच्या लिंबाखाली कित्येकदा उभा राहिलाय. हळूहळू त्याला सवय झाली. दूध मोजता मोजता शिट्टी ऐकली की तो चरवी खाली ठेवून आमच्याआधी पोचायचा आणि "जेसंग, हाजर" म्हणायचा. विमा एजंट मात्र पुन्हा आला नाही.

आज हे लिहिताना मला हसू येतं, आणि तेव्हाही यायचं. हसणं आणि घाबरणं ही दोन कामं आम्ही एकदमच करत असू. आई हसायची नाही. कारखान्याच्या डॉक्टरांनी बाबांना नखशिखांत तपासून ताकदीच्या गोळ्या दिल्या, कारण दुखावलेलं असं काही त्यांना सापडलं नाही. साहेबांनी चांगुलपणानेच त्यांना हलकं काम दिलं. फायर स्टेशनातून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि त्यांच्याकडचं परमिटचं पुस्तक काढून घेतलं. आता या दुखण्याला नाव आहे, त्याचे डॉक्टर आहेत. महिन्यातून एकदा मी अशाच घरांतल्या बायकामुलांबरोबर बसतो. कोणाचा नवरा फायरमन, कोणाचा मुलगा ॲम्ब्युलन्सवर. ते मला विचारतात, घरच्यांनी काय करायचं? मला शास्त्रातलं काही सांगता येत नाही. मी त्यांना मंजुळाबेनची गोष्ट सांगतो.

मंजुळाबेनचे यजमान रमणभाई त्याच कारखान्यात मेंटेनन्सला होते. एक दिवस आई भिंतीपलीकडे बिनफोडणीच्या वरणाचं पातेलं घेऊन गेली आणि दारातच रडायला लागली. मी दप्तर घेऊन मागे उभा होतो.

"शालुबेन, एमां रडवानुं शुं?" मंजुळाबेन म्हणाल्या. "तुमच्या घरी फोडणी बंद आहे. माझ्या घरी क्यां बंद छे?"

"अहो, पण रोज रोज?"

"हूं रोज वघार करूं ज छुं ने. एक पळी वधारे. आणि दीकरा, तू तिथे का उभा? बेस. भण."

त्या दिवसापासून आमची फोडणी मंजुळाबेनकडे होऊ लागली. आई वरण, भाजी, आमटी असं सगळं नुसतं शिजवून घेऊन जायची आणि फोडणी देऊन झाकून आणायची. बाबा कामावरून आले की कढईच्या बुडाला हात लावून बघत, ती थंड असे, आणि पानात फोडणीचं वरण असे. त्यांनी कधी विचारलं नाही. मंजुळाबेनच्या फोडणीत गुळाचा खडा आणि जरा जास्त हिंग असायचा, त्यामुळे आमचं घर वर्षभर गुजराती चवीचं जेवलं, आणि मी त्यांच्या टेबलावर ठसक्यात, खोकत खोकत रसायनशास्त्र शिकलो. वसाहतीत आमच्याबद्दल बरंच बोललं जायचं. मंजुळाबेनसमोर कोणी बोललं, की त्या म्हणायच्या, "शिर्केभाई सावचेत माणस छे. तमारे त्यां आग लागे त्यारे कोने बोलावशो?" तुमच्याकडे आग लागली तर कोणाला बोलवाल, असं ऐकल्यावर बोलणारा विषय बदलायचा.

अशात ताईचं लग्न ठरायची वेळ आली. मुलगा शिकलेला होता आणि त्याचे वडील, मानेसाहेब, रेल्वेत ड्रायव्हर होते; प्रतापनगरला राहायचे. ते, मुलगा आणि मुलाची आत्या असे तिघं ताईला बघायला आले. पोहे मंजुळाबेनकडून फोडणी देऊन आले होते. बाबा नीट इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, हवापाण्याच्या गोष्टी करत होते. आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता. तेवढ्यात मानेसाहेबांनी पोहे खाऊन झाल्यावर दात कोरायला खिशातून काड्यापेटी काढली.

त्यांनी काडी ओढलीसुद्धा नव्हती. बाबांनी शिट्टी वाजवली. आम्ही सवयीने उठलो, ताई साडी सावरत पळाली, मुलगा तिच्या मागे पळाला, कारण त्याला वाटलं की पळायचंच असतं. आत्याबाई पोह्यांची बशी घेऊन लिंबाखाली आल्या. बाबांनी हजेरी घेतली. "पाहुणे, तीन?" मानेसाहेबांनी तोंडातली काडी काढली आणि म्हणाले, "तीन. सगळे आहेत." मग घराकडे एकदा बघून म्हणाले, "वेळ किती लागला हो?"

"मिनिटाच्या आत," बाबा म्हणाले.

"चांगला आहे," मानेसाहेब म्हणाले.

त्यांनी नकार दिला नाही. पण चार दिवसांनी आत्याबाई एकट्या आल्या आणि आईला आत नेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मुलगी आम्हाला पसंत आहे. पण वहिनी, फतेगंजातल्या वाडीत लग्न, आमची निम्मी रेल्वे कॉलनी येणार. होम असतो. यांनी तिथे शिट्टी फुंकली तर? त्या दिवशी यांना कुठेतरी आरामाला ठेवा. कन्यादान काकांनी केलं तरी चालतं."

ताईने ते दाराआडून ऐकलं. आत्याबाई गेल्यावर ती म्हणाली, "बाबा नसतील तर मी उभी राहणार नाही." आई म्हणाली, "आणि बाबा असतील तर तुझं लग्न लागणार नाही." दोघींचंही खरं होतं. आईने त्याच संध्याकाळी बाबांचे हात धरले. अहो, एक दिवस मनाला आवर घाला, भिऊ नका, विटांच्या चौकटीतला तेवढासा विस्तव तो, त्याने काय होतंय. बाबा ऐकत राहिले आणि म्हणाले, "तेवढासाच असतो आधी." त्यांना स्वतःलाही त्या मांडवात बसायचं होतं, हे त्यांच्याकडे बघून कळत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच आईला सांगितलं, "मी नाही येत. काकाला सांगा."

तेव्हा मंजुळाबेन आमच्याकडे आल्या. त्या आईवर रागावल्या.

"तुम्ही सगळे वर्षभर त्यांना सांगता, भिऊ नका, बीशो नहीं. ए बीता नथी. ए काम करे छे. मारा एमने पूछो, प्लांटमां वेल्डिंग करवुं होय तो शुं करे?"

रमणभाईंनी सांगितलं ते असं. कारखान्यात कोणाला वेल्डिंग करायचं असलं, ठिणगी उडणारं कुठलंही काम असलं, तर आधी फायरवाल्याकडे परमिट मागावं लागतं. फायरवाला जागा बघतो, जळण्यासारखं सगळं बाजूला करायला लावतो, पाण्याचा पाइप लावून घेतो, मुदत घालतो, सही करतो आणि काम संपेपर्यंत स्वतः उभा राहतो. संपल्यावरसुद्धा अर्धा तास थांबतो, कुठे निखारा राहिला का बघायला. परमिट असेल तर आगीला कोणाची हरकत नाही. बाबा फायर स्टेशनात असताना रमणभाई त्यांच्याकडून रोज परमिट घेत आणि बाबांनी कधी उगाच अडवलं नव्हतं.

"तर मग मागा ने," मंजुळाबेन म्हणाल्या. "आग करायची आहे तर फायरमनला विचारायला नको? कोईए पूछ्युं एमने?"

आम्हा कोणाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. रमणभाईंनी जुन्या छपाईचं, रद्दीत काढलेलं परमिटचं पुस्तक आणलं. ताईने ते बाबांसमोर ठेवलं आणि कारखान्यात माणसं उभी राहतात तशी उभी राहून म्हणाली, "शिर्केसाहेब, एक होम करायचा आहे. परमिट पाहिजे." बाबांनी तिच्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे. मग चष्मा लावून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "इंधन कुठलं?"

"तूप आणि समिधा."

"आणि?"

"लाह्या."

"लाह्या उडतात," बाबा म्हणाले. "मूठ नाही. चिमूट." आणि त्यांनी लिहायला घेतलं. आई स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

पुढचे दिवस बाबा कामात होते. वाडी बघून आले, नकाशा काढला, दांडिया बाजारातल्या जोशी गुरुजींना भेटून आले. गुरुजी म्हणाले, "यज्ञाला परवानगी कोण देतो हो?" बाबा म्हणाले, "मी." गुरुजींनी दक्षिणा वाढवून घेतली आणि 'काम करणारा' या रकान्यात सही केली. आणि लग्नाच्या तोंडावर मंजुळाबेनना नडियादहून बोलावणं आलं, मुलीचे दिवस भरले होते. रिक्षात बसताना त्या मला म्हणाल्या, "फोन नहीं करतो. फोनवर तू नुसता हा-हा करतोस. कागळ लखजे. बधुं."

मी ते पत्र गुजरातीत लिहिलं होतं. पुढे एकदा नडियादला गेलो तेव्हा त्यांनीच ते माझ्यासमोर ठेवलं. इथे ते मराठीत उतरवतो, त्या वयातलं आहे तसं.

पूज्य मंजुळामासी,

पाया पडतो. तुम्ही सगळं लिहायला सांगितलं म्हणून सगळं लिहितो. जेवणात जिलबी, मठ्ठा, बटाट्याची भाजी आणि तुमच्याकडच्या मंडळींसाठी खमण होतं. ताई छान दिसत होती.

बाबा सकाळी युनिफॉर्म घालून आले. गुरुजी म्हणाले, सोवळं नेसा. शेवटी युनिफॉर्मवर सुती उपरणं, यावर दोघांचं जमलं. मग बाबांनी डेकोरेशनवाल्याचे थर्मोकोलचे हंस बाहेर काढायला लावले. ते दिवसभर फाटकाजवळ उन्हात उभे होते. आत्याबाईंची साडी नायलॉनची होती, म्हणून त्यांना मागच्या रांगेत बसवलं. बाबा अगदी अदबीने बोलले, तरी त्या रागावल्या.

वरात रेल्वेखालच्या गरनाळ्यात अडकली आणि सगळ्याला उशीर झाला. कन्यादान आईबाबांनीच केलं. पाण्याची धार बाबांनी शेवटपर्यंत एकसारखी धरली. होमाच्या वेळी त्यांनी गुरुजींकडून काड्यापेटी काढून घेतली आणि एकच काडी दिली. ज्वाळा वर आली तेव्हा शिट्टी त्यांच्या तोंडात गेली. मासी, आपल्या वसाहतीतली सगळी माणसं खुर्चीतून अर्धी उठली. मी लाह्या घेऊन उभा होतो, माझेही पाय दाराकडे वळले. पण त्यांनी ती नुसती दातात धरून ठेवली. मला हातानेच खूण केली, चिमूट. मी चिमूट चिमूट दिल्या.

सप्तपदीत ताईचं पाऊल तांदळाच्या चौथ्या पुंजावर होतं आणि बाबांनी हात वर केला. "काम थांबवा. मुदत संपली." परमिट दोन वाजेपर्यंतच होतं. गुरुजी म्हणाले, असं मध्ये थांबता येत नाही. बाबा म्हणाले, वाढवून घ्या, जागेच्या इनचार्जची सही लागेल. इनचार्ज म्हणून रमणकाकांचं नाव होतं आणि ते नेमके तुमच्या फोनसाठी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते. ताई एका पायावर जोर देऊन उभी. आत्याबाई मागून म्हणाल्या, "मी सांगितलं नव्हतं?" मला वाटलं, झालं, संपलं.

तेव्हा मानेसाहेब उठले. आत्याबाईंना म्हणाले, "अक्का, बस. सिग्नल लाल आहे. लाल असताना मी कधी गाडी काढली नाही, आज काढू?" मग बाबांजवळ येऊन पेन काढलं. "मुलाकडची जागा माझी. मी सही केली तर चालेल?" बाबांनी विचार केला आणि चालेल म्हणाले. "किती वाढवू?" "एक तास," मानेसाहेब म्हणाले. "दीड घ्या. आमची मंडळी सावकाश चालतात." सही झाली. ताईने पाचवं पाऊल टाकलं.

सगळं पार पडलं, पंगती उठल्या, बस दाराशी लागली, आणि बाबा कुंडाजवळ खुर्ची घेऊन बसले. अर्धा तास. ताई बसच्या पायरीवरून परत आली आणि त्यांच्याजवळ खाली ओल्या गोणपाटावर बसली, शालू घालून. मानेसाहेबांनी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं आणि तेही येऊन बसले. वऱ्हाड बसमध्ये वारा घेत होतं. मानेसाहेब म्हणाले, "माझ्या गाडीपुढे एक माणूस आला होता. पुढच्या स्टेशनात चहा घेतला, ड्युटी पुरी केली. अजून सायकलवरून जाताना वळण आलं की मी तोंडाने शिटी देतो. घरच्यांना वाटतं, मी मजेत आहे." बाबांनी विचारलं, "तुम्ही सांगितलं नाही?" ते म्हणाले, "कोणी विचारलं नाही."

अर्ध्या तासाने बाबांनी कलशातलं पाणी कुंडात ओतलं. राखेवर तळहात ठेवला. ठेवूनच बसले. मग म्हणाले, "विझली." परमिट बंद केल्याची सही केली आणि ताईला बसपर्यंत सोडायला गेले. तिथे रडले, मुलीच्या बापाने रडावं तसे.

बस गेल्यावर बाबा आणि आई शेवटच्या पंगतीला बसले. दोघंच होते. जिलबी संपली होती. आई म्हणाली, "अहो, त्या दिवशी कारखान्यात काय झालं, मला सांगाल?" बाबा म्हणाले, "मठ्ठा आहे का बघ." मी मठ्ठा आणून दिला. तो त्यांनी पिऊन टाकला, पेला बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. ते आईला सांगत होते म्हणून मी उठलो. वाढप्यांना हॉल रिकामा करायची घाई होती. मी दारात उभा राहून त्यांना सांगितलं, तिकडची पंगत अजून उठलेली नाही, पानं उचलू नका.

आपला,
दिलीप